टंच

सराफ बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्यासमोर एक मशीन असतं.
अंगठी ठेवायची, झाकण लावायचं,
चाळीस सेकंद.
आकडा येतो: एक्क्याण्णव पूर्णांक बावन्न.
माणसं आधी आकड्याकडे बघतात, मग माझ्या तोंडाकडे,
जणू तांबं मीच मिसळलं.
अकरा वर्षं सांगत आलेय,
मशीन खोटं बोलत नाही, काकू.

मार्चपासून माझ्या डाव्या हाताची दोन बोटं,
करंगळी आणि तिच्या शेजारचं,
सकाळी माझ्यानंतर उठतात.
पाच वाजले की अंगात कसकस.
नव्व्याण्णव. नव्व्याण्णव पूर्णांक चार.
बाहेर पंचेचाळीस.
थर्मामीटरला तरी कसं कळावं,
ताप माझा की जळगावचा.

रिपोर्टवर नाव छापलंय: चाया.
मधला ह नळीतच राहिला असेल.
चाया तोताराम चौधरी, स्त्री, एकेचाळीस.
ईएसआर अडतीस, शेजारी बारीकसा बाण,
वर तोंड करून उभा.
आणि एक तपासणी वीकली पॉझिटिव्ह.
मला वाटलं, दर आठवड्याला.
डॉक्टर हसले. म्हणाले, तसं नाही हो,
किंचित. अगदी किंचित.

कशाची किंचित?

ते आत्ता सांगता येणार नाही.
नसेलही काही.
सहा आठवड्यांनी परत करू.

मी उठले, पैसे दिले, चप्पल शोधली.
जिन्यात मनातल्या मनात म्हणून पाहिलं:
काकू, बांगडी सोन्याची असेलही,
सहा आठवड्यांनी या.
शेठनं त्याच दिवशी काढलं असतं मला.

सव्वीस जूनच्या चौकोनात
मी 'गॅस सिलिंडर' लिहून ठेवलंय.
म्हणजे घरात कुणी विचारणार नाही.

रात्री पांघरुणात मोबाईल.
सतरा आजार वाचले.
प्रत्येकात मी थोडी थोडी बसते,
दुसरीच्या मापाच्या ब्लाऊजसारखी,
खांद्यात सैल, दंडात घट्ट,
पण काढून ठेवावा इतका वाईटही नाही.
चौथ्या रात्री तोतारामनं मोबाईल उचलला
आणि दादरच्या डब्यात खुपसून वर झाकण लावलं.
बोलला काहीच नाही.
अर्ध्या तासानं स्वतःच उठला,
डबा उघडला, फुंकर मारली, आणि वाचत बसला.
मी डोळे मिटून त्याचा अंगठा ऐकत राहिले.

खालच्या गाळ्यात देविदासमामा अजून दगडावर घासतात.
काळी कसोटी, पिवळी रेघ, वर थेंबभर तेजाब.
मी विचारलं, मामा, मशीन नव्हतं तेव्हा आकडा कसा सांगायचे?
आकडा कुठला, ते म्हणाले. रंग बघून सांगायचं. बरंय. बरं नाही.
आणि चुकलं तर?
चुकायचं ना.
मग त्यांनी गुडघ्याचं सुरू केलं,
आणि मी वर निघून आले.

सासूबाई पारोळ्याहून आल्यात.
चुलीपाशी बसूनच विचारलं,
काय म्हने डाक्टर?
मी म्हटलं, काहीच नही म्हने.
मंग बेस शे. चाल, जेवी ले.

मला हसू आलं. रडूही आलं असतं,
पण पुढ्यात भाकर आली होती.
कळण्याची भाकर.
ज्वारीत उडीद किती, मीठ किती,
सासूबाईंनी कधी मोजलं नाही.
नाव कळण्याची,
आणि आत काय किती, कुणालाच कळत नाही.
तेल, लाल ठेचा, कांदा फोडलेला.

ताट डाव्या हातानं उचललं.
तळाशी चटका होता.
तीन बोटांना लागला. दोघांना नाही.
उद्याही असंच असेल, किंवा चारांना लागेल, किंवा एकालाच.
आज मी तिघांचं ऐकलं
आणि ताट खाली ठेवलं, निवेपर्यंत.